ताईकडे पाठवलेली गाजरं

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. वाकून केलाय असं समज, सध्या वाकलं की पोटात कळ येते. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं पोट अजून दुखतंय, वजन उतरतंय आणि त्याचा दोष तू स्वतःच्या स्वयंपाकाला देतेस, हे तुझ्या पत्रातून कळलं. ताई, तुझ्या हातचं खाऊन मी वाढलोय (आडवासुद्धा), तेव्हा तो विचार आधी डोक्यातून काढून टाक. कारणाकडे ओघात येतोच, पण आधी माझी हकीकत ऐक.

गेल्या सोमवारी सकाळी मला जंत पडला. आडपडदा न ठेवता लिहिलेलं बरं, नाहीतर तू भलतीच काळजी करत बसशील. मी ओरडलो. बायको धावत आली, काय झालं ते तिनं दाराबाहेरून विचारलं, आणि मी सांगितल्यावर ती दाराबाहेरच राहिली. पण माझ्यातल्या शिंप्याला काही स्वस्थ बसवेना. तीस वर्षांची सवय, लांब काही दिसलं की गळ्यातली टेप आपोआप हातात येते. मापलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी साधारण केवढा होता असं विचारलं, तर मी म्हणालो, "साडेआठ इंच. शिलाई धरून नऊ." बाई पेन खाली ठेवून खिडकीकडे वळल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, माझ्या काळजीनं रडतायत. घरी आल्यावर बायकोनं ती टेप उकळत्या पाण्यात टाकली (मी नको नको म्हणत असताना), ती चांगली आखडली, आणि वहीतल्या मापांवरून त्याच टेपनं मी पोस्टमास्तरांचा कोट बेतला. तो आता त्यांच्या बायकोला छान बसतो. पोस्टमास्तर माझ्याशी बोलत नाहीत.

तर बाईंनी विचारलं, कच्चं काय खाता? मी छाती फुगवून गच्चीवरच्या गाजरांचं सांगितलं. उपटायचं, कपड्याच्या चिंधीला पुसायचं आणि मशीन चालवता चालवता खायचं. धुतलं की चव जाते, हा माझा सिद्धांत तुला माहीतच आहे. मग त्यांनी खताचं विचारलं. खत मी एका ओळखीच्या माळ्याकडून आणलं होतं आणि ते कशाचं, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. परत गेलो, विचारलं. त्यानं नुसतं मागच्या उघड्या मैलाखड्याकडे बोट दाखवलं. जंताची अंडी म्हणे अशाच मातीतून, न धुतलेल्या भाजीतून आणि हातातून पोटात जातात, आणि दोन-तीन महिने माणसाला पत्ताही लागत नाही. असो. घरात सगळ्यांना गोळ्या आणल्या, माझाही प्रश्न सुटल्यासारखाच आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : तीन महिन्यांपूर्वी भाऊजींबरोबर पिशवीभर गाजरं पाठवली होती आणि वर "धुऊ नका" अशी चिठ्ठी टोचली होती, ती माझीच. तू तर धुतल्याशिवाय काही खात नाहीस, पण भाऊजी भिडस्त, त्यांनी माझं ऐकलं असणार. मला खाऊ-पिऊ घालून मोठं केलंस, आणि मी तुझ्या नवऱ्याला हे खायला घातलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही गं. उद्याच त्यांना डॉक्टरांकडे ने आणि हे सगळं सांग. वाटल्यास मला चार शिव्या दे, पण तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू नकोस.

ता. क. (तुमच्या भावजयीकडून) : ताई, नमस्कार. आम्ही सगळ्यांनी गोळी घेतली, ह्यांनी नाही. सुयांच्या डबीत लपवून ठेवलीय. अजून काय काय बाहेर येईल ह्या धास्तीनं पाच दिवस टाळतायत आणि पोट धरून कपडे शिवतायत. डॉक्टरांनी समजावलं, मी रागावले, काही उपयोग नाही. ते जगात फक्त तुम्हाला घाबरतात. भाऊजींना बरं वाटलं की लगेच या.

ता. क. : पाकीट चिकटवताना वरचं वाचलं. खोडणार होतो, पण खरं आहे. भाऊजी बरे व्हायची वाट बघू नकोस, त्यांनाही घेऊन ये, इथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. भाऊजींनी आधी घेतली की मी घेतो.