गळक्या नळाखाली सोळा दिवस

३ मार्च, सकाळी ७.१०
वाचनालयाच्या फोटोस्पर्धेची नोटीस लागली. विषय : घरातलं सौंदर्य. शेवटची तारीख वीस. पहिलं बक्षीस आपलंच. मेहुण्याला फोन करून तसं सांगूनही टाकलं. तो म्हणाला, आधी फोटो तर काढा. जळतो, दुसरं काय.
पाण्याचा थेंब टिपणार. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळतोय, म्हणजे स्टुडिओ घरातच. बायकोने उद्या प्लंबर बोलावला होता, तो रद्द करायला लावला. तिने नळाखालची भांडी उचलली. पटलं असावं.

५ मार्च
थेंब पडतो तिथे पेन्सिल धरायची, तिच्यावर फोकस करायचा, की काम फत्ते. व्हिडिओत बघितलं. दोनशे बारा फोटो काढले. पेन्सिल काढायची राहिली. पेन्सिल मात्र अप्रतिम आलीय.

९ मार्च
फोटो हलतात. माझा हात स्थिर आहे, थेंबच हलतो.

११ मार्च, सकाळी ६.३०
पाण्यात दूध घातलं की थेंबाचा मुकुट उठतो म्हणे. घातलं. मुकुट उठला त्याच क्षणी मला शिंक आली. चहा कोरा मिळाला.

१४ मार्च
बायको भांडी बाथरूममध्ये घासते. कंबर धरली म्हणाली. कलेसाठी घरच्यांना थोडी झळ सोसावी लागते. माझेही गुडघे दुखतात, पण मी बोलून दाखवत नाही. तिला सोडून सगळ्यांना सांगितलं.

१८ मार्च, संध्याकाळी ६
घात झाला. मी ऑफिसात असताना तिने प्लंबर आणला. नळ ठणठणीत कोरडा. वॉशर कुठला हवा ते दुकानदाराला दाखवायला त्याने गळत्या नळाचा मोबाइलवर फोटो काढला होता म्हणे. एकच. हसू आलं. लोक कशालाही फोटो म्हणतात.

२० मार्च
नाइलाजाने पेन्सिल पाठवली. परीक्षक जाणकार असतील तर कळेल.

२८ मार्च
निकाल लागला. पहिला नंबर प्लंबरचा. त्याला फॉर्म आमच्याच बायकोने भरून दिला. मेहुणा माझा विजय बघायला मुद्दाम आला होता, त्यामुळे फोटोसमोर उभं राहणं भाग पडलं.
नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब. त्यात आमचं अख्खं स्वयंपाकघर उलटं दिसतं, आणि मधोमध बायको. चक्क हसतेय. मेहुणा म्हणाला, ताई काय सुंदर आलीय.
घरी येऊन माझे सगळे फोटो पुन्हा पाहिले. अकराशे चाळीस. ती एकातही नाही. दर वेळी, जरा बाजूला हो, असं मीच म्हणत होतो.