माझं लिव्हर आणि गावातले अडाणी

४ फेब्रुवारी
दाढ काढली. डेंटिस्टने कोडीन दिलं. म्हणे घोडासुद्धा लोळेल. दोन गोळ्या गिळल्या, ठणका तसाच. उघड आहे: माझं लिव्हर औषध लागू पडायच्या आतच जाळून टाकतं. आइसलँडी रक्त!

५ फेब्रुवारी
फार्मसीतल्या नॉरीनला हे सांगितलं. म्हणाली, "उलटं असेल, मिस्टर ब्यार्नासन. लिव्हरमधलं एक एन्झाइम कोडीनचं मॉर्फिन करतं, मगच ठणका थांबतो. तुमचं ते एन्झाइम झोपलं असेल. तपासून घ्या. तुमच्या बीपीच्या गोळीचा निचराही तेच करतं." मी आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली, आणि ही मला शरीर शिकवते!

७ फेब्रुवारी
ठराव: बीपीची गोळीही जळून जात असणार, म्हणून आजपासून एकाऐवजी दोन. बायकोला सांगणार नाही. सिग्रुनपुढे विज्ञान म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१० फेब्रुवारी
जिन्यात डोळ्यांपुढे काजवे चमकले. नंबर चुकीचा दिलाय, चष्मेवाला भामटा. नाडी फार संथ. अव्वल खेळाडूंची अशीच असते. बर्फावर दगड सरकवायच्या आमच्या कर्लिंग टीमचा कॅप्टन विल्मर म्हणाला, "म्हाताऱ्या, तोंड पिठासारखं झालंय तुझं. शनिवारी घरी बस." मी घरी बसलो तर हे गाढव बर्फावर दगडाऐवजी बूट सरकवतील.

१४ फेब्रुवारी, हॉस्पिटल
काल दगड सोडायला वाकलो. दगड गेला, त्याच्यामागून मीही गेलो, पोटावर. विल्मर म्हणतो, दगडापेक्षा मीच लांब गेलो. नाडी जेमतेम तीस. सिग्रुनने विचारलं, "किती घेत होतास?" सांगितलं. "मूर्खा, मला वाटलं गेलास तू," म्हणाली आणि रडली. एवढं रडायचं काय कारण?
बर्फ फार खडबडीत होता.

२३ फेब्रुवारी
हॉस्पिटलात रक्त घेतलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. ते एन्झाइम माझ्यात जवळजवळ कामच करत नाही. म्हणून कोडीन फुकट गेलं, आणि बीपीची गोळी अंगात साचत राहिली. डॉक्टर म्हणाली, एकच गोळी तुम्हाला जास्त होती, वर दुसरी कशाला? असे लोक कमीच असतात म्हणे. म्हणजे मी दुर्मिळ. नॉरीनला हे कळवायची गरज नाही.

२७ फेब्रुवारी
फायनल होती. मी अंथरुणात. सिग्रुन ब्रेड आणायला गेली ती अंधार पडल्यावर उगवली, घसा बसलेला. विल्मरला फोन केला. विचारलं, माझ्याशिवाय किती वाईट हरलात? जिंकले. माझ्या जागी नॉरीन खेळली. सिग्रुन पहिल्या रांगेत उभी राहून ओरडत होती म्हणे.
ब्रेड आणलाच नाही.