औषधावर हिरवा ठिपका नसतो

गुरुवार, संध्याकाळ

सासूबाईंना खरं सांगून टाकलं. फार हलकं वाटतंय.

वीस वर्षांपासून त्यांनी मांस, अंडं सगळं सोडलंय. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय हात लावत नाहीत. आणि मी आठ दिवस त्यांना अशक्तपणाच्या कॅप्सूल देत होते! आज सकाळी पोरीने पाकीट वाचलं. "मम्मी, इसका छिलका जिलेटिन का है. जानवर से बनता है." मी पाकीट उलटसुलट करून ठिपका शोधला, कुठेच नव्हता. बिस्किटाला सक्ती, औषधाला नाही. काहून नाही?

गप्पच बसावं, असंही मनात आलं. त्यांनी औषधच सोडलं तर?

शेवटी बूढापाऱ्यातल्या औषधाच्या दुकानात गेले. तिथल्या भैयांनी डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि तेच औषध साध्या गोळीत दिलं. घरी येऊन सासूबाईंसमोर बसले आणि सगळं सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "तुले माहीत नव्हतं, मले बी नव्हतं. लपवलं असतं तं राग आला असता. आण पाणी."

गोळी घेतली, आणि लगेच विचारलं, "भाजी कायची करून राहिली? भूक लागली मले."

आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून जेवायला मागितलं.