नायलॉनची नऊवारी

१९ मे
वॉटर पार्कचा रखवालदार शुद्धीवर आला. दुपारी चारला फौजदारबाईंनी फोनवर खात्री दिली. कानामागे अकरा टाके, जबडा तारेनं बांधलेला. बोलता येत नाही.
मंगलला सांगायला गेलो. धाकटी बहीण माझी, पलंगाशी पोलीस. बरगडी मोडल्यानं श्वास तुटक. "मेला न्हाय नव्हं? बरं झालं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.
तिची मैत्रीण सरसक्का पलीकडच्या वॉर्डात. पुढचे तीन दात गेले.

२० मे
पेपरात दिलेल्या माझ्या बातमीत न लिहिलेलं इथं. उजवं मनगट सुजलंय, डाव्या हातानं लिहितोय.
वॉटर पार्कचा नियम : फक्त नायलॉनचा पोशाख; साडी, पिना, दागिने नकोत. मंगल शिवणकाम करते. "साडी नको म्हणत्यात. साडीवानी दिसू नको, आसं कुटं म्हणत्यात?" पोहण्याच्या पोशाखालाच नऊवारीचा घाट दिला. जांभळा रंग, हिरवे काठ, कासोटा दुहेरी टीप मारून पक्का. धातू नको म्हणून नथ नायलॉनच्या धाग्याची. असे दोन जोड, एक सरसक्काला. पार्कला फोन करून विचारलंही. नायलॉन असेल तर चालेल, म्हणाले.
फाटकातून आत सोडलं. घसरगुंडीच्या जिन्यावर हा रखवालदार आडवा आला.
"साडी हितं चालत न्हाय. सोडा."
सरसक्का हसत, "सुटत न्हाय वो, शिवल्याली हाय."
खालून मं. ओरडली, "माजी टीप हाय ती! वढली तरी सुटायची न्हाय!"
त्यानं ओढली.
टीप खरंच सुटली नाही. कासोट्याबरोबर सरसक्का आली, सात पायऱ्या, तोंडावर. तरी त्यानं कासोटा सोडला नाही, तिला फरफटत नेत राहिला.
मं.नं नियमांचा उभा लोखंडी फलक उचलला. पहिला घाव कानामागे. तो घोटाभर पाण्यात पडला. मग दुसरा, जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज आला. पाणी लाल.
मग दोन रखवालदारांनी तिला लाथांनी तुडवलं. मी आडवा गेलो, तेव्हा काठी मनगटावर. लोक मोबाइल धरून उभे.

२१ मे
फौजदारबाई म्हणाल्या, पहिल्या घावाला बचाव म्हणता येईल. दुसऱ्या वेळी तो पडलेला होता का, एवढंच ठरायचंय. व्हिडिओत नुसत्या लोकांच्या पाठी.
माझ्या बातमीत 'झटापटीत जखमी'. हाच शब्द मी दुसऱ्यांच्या बातम्यांतून किती वेळा खोडलाय. कुणी कुणाला मारलं ते लिहा, म्हणून.
मं.नं विचारलं, "दादा, तू कुटं हुतास?"
"जिन्याखाली."
"मग दुसरा दिसला आसंल."
"हो."
मग, "सरसक्काचा दात तुज्या पायाजवळ पडला हुता. त्योबी दिसला आसंल की."
दिसला होता. मी पाय बाजूला घेतला होता.
ती म्हणाली, "मी वढ म्हणाले नव्हते रे. टिपंचं सांगत हुते."
उद्या अकराला माझा जबाब. बाराला रखवालदाराचा, लिहून. त्याच्या उशाशी वही-पेन ठेवलंय.