वर्गातली विहीर

लीड्स, इंग्लंड
३० ऑक्टोबर १९७२

आबा आणि माय, लांबूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. जय भीम.

मी खुशाल आहे. भात स्वतः शिजवतो. जुन्या कपड्यांच्या दुकानात जाड कोट मिळाला. माय अजून खडी फोडायला जाते का? तिच्या हाताला जपा.

आता खरं सांगतो. पहिले तीन आठवडे वर्गात सरांचं बोलणं समजतच नव्हतं. लाजून गप बसायचो. परत यायचा अर्जही लिहून ठेवला होता.

गेल्या सोमवारी जमिनीखालच्या पाण्याचा धडा चालू असताना सरांनी विचारलं, "आटलेली विहीर कुणी पाहिलीय?" माझा हात आपोआप वर गेला. कातळात ओल कुठल्या अंगानं येते, ते मोडक्या इंग्रजीत, फळ्यावर चित्र काढून सांगितलं.

"हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?" सरांनी विचारलं.

"माझे वडील विहिरी खोदतात. त्यांच्याबरोबर उतरून शिकलो."

मग धीर करून माझी अडचणही सांगितली. आता सर टिपणं आदल्या दिवशीच देतात. अर्ज फाडून टाकला. पुढल्या साली महांतप्पांची महानंदा इकडं शिकायला येणार आहे ना? तिला सांगा, इथं आजारी पडायच्या आधीच नोंदवावं लागतं, म्हणून आल्याबरोबर डॉक्टरकडं नाव नोंदव, आणि समजलं न्हाय तर पहिल्याच दिवशी बोल.

आबा, सरांनी तुमचं नाव विचारलं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'श्रीपती' लिहिलं. सरांना मराठी अक्षरं वाचता येईनात, तरी त्यांनी ते एकेक वळण बघून वहीत उतरवून घेतलं.

तुमचा,
भागवत