भट्टी विझवण्याबाबत

मी, एव्हारिस्तो लोमेली पादिया, वय चौऱ्याहत्तर, धंदा काच फुंकणे, राहणार तोनाला, हालिस्को राज्य, हे लिहून ठेवतो. माझी फुप्फुसे निकामी होत आली आहेत. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणण्याच्या लायकीचे कोणी घरात नाही.

एक. राहते घर मुलगी आंपारो हिला. ती शिकागोला असते आणि दर रविवारी फोनवर इथल्या उन्हाची आठवण काढून रडते. आता तिला उन्हासकट घर मिळेल. ती येणार नाही. भाडेकरू ठेवील आणि त्याच्या तक्रारी ऐकून रडेल.

दोन. त्लाकेपाकेचे दुकान मुलगा रुतिलियो याच्या ताब्यात आहे, ते त्याच्याकडेच राहावे. दुकानावरची ‘पाच पिढ्यांची कला’ ही पाटी मात्र माझ्या दफनाआधी उतरवावी. काच आमच्याकडे माझ्या वडिलांपासून. त्यांचे वडील गाढवे विकत, आणि गिऱ्हाइकाला गाढवाचे खरे वय त्यांनी कधी सांगितले नाही. रुतिलियोने वारसा घेतला तो त्यांचा.

तीन. ग्वादालाहाराचे व्यापारी बेर्मुदेस शेठ यांना निळ्या काठाचा एक पेला. त्यांनी माझा माल परत पाठवला होता: काचेत बुडबुडे नाहीत, म्हणजे हा हातचा नव्हे, यंत्राचा. आम्ही फुटक्या बाटल्या वितळवतो. काच नीट शिजू दिली की बुडबुडे वर येऊन निघून जातात. घाई केली की आत राहतात. बुडबुड्याचा पेला माझे वडील मला माझ्याच हाताने फोडायला लावत. आता त्यालाच कला म्हणतात. शेठना या पेल्यात बुडबुडे कमी वाटले, तर त्यांनी पाणी भरून त्यात तोंडाने फुंकून काढावेत.

चार. पाद्री म्हणतात, माझी फुंकणी माझ्या शवपेटीत ठेवावी, शोभून दिसेल. ठेवू नये. ती अजून सरळ आहे.

पाच. घराच्या अंगणातली भट्टी. रुतिलियोचा बेत असा: भट्टीसमोर काचेची भिंत, भिंतीबाहेर बाकडी, बाकड्यांवर बसमधून उतरलेले पर्यटक. आत एक माणूस फुंकत राहील. दुकानातला माल कारखान्यातून येईल, बुडबुड्यांसकट. आतला माणूस जे फुंकेल त्याचे काय, असे मी विचारले. तो म्हणाला, “बाबा, ते परत वितळवायचं. रोज तेच.”

म्हणून माझे प्रेत दाराबाहेर निघण्यापूर्वी भट्टीचा गॅस बंद करावा. मुशीत काच असतानाच बंद करावा. काच थिजताना मूस तडकेल आणि पुन्हा कोणाच्या कामाला येणार नाही. हे काम पोन्सियानो रुवाल्काबा याने करावे.

पोन्सियानो तरुणपणापासून माझ्या भट्टीवर आहे. तो मुशीतून काच उचलतो, मी फुंकतो. रुतिलियोच्या सांगण्यावरून त्याने एकदा माझ्या मुशीत खायचा सोडा टाकला, बुडबुड्यांसाठी. मी जाब विचारला तेव्हा म्हणाला, “उस्ताद, गिऱ्हाइकाला फेस हवाय, फेस देऊ. काच काय रडतीय का?” त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. काम अडले नाही. फुंकणी देताघेताना शब्द लागत नाहीत.

त्याला मी काही ठेवत नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार म्हणून बोलावले आहे. आपल्याला काही मिळालेले नाही, हे त्याने सही करून पाहावे.

सहा. इथवरचा मजकूर वकिलांनी आज दुपारी मोठ्याने वाचून दाखवला. पोन्सियानोने पेन घेतले, आणि परत टेबलावर ठेवले. वकिलांना म्हणाला, “यांना सांगा, मी सही करत नाही.” साक्षीदाराचा मजकुराशी संबंध नसतो, असे वकिलांनी त्याला समजावले. रुतिलियो हसत म्हणाला, “कर रे सही. म्हाताऱ्याचं मन राख. मूस काय, नवी आणता येते.”

माझ्या शेवटच्या इच्छेची किंमत माझ्या मुलाने अशी सांगितली.

मग पोन्सियानो माझ्याकडे वळला. “उस्ताद, विझवायचीय ना? मग उठा आणि आत्ता विझवा. जित्या हातानं. मेल्यावर माझ्या गळ्यात कशाला घालताय?”

मी उठलो नाही. तब्येतीमुळे नव्हे.

सबब पाचव्या कलमातील विझवण्याची सूचना रद्द. ती खोडावी, पण वाचता येईल अशी ठेवावी. पोन्सियानोने सही केलेली नाही, म्हणून तो साक्षीदार नाही. आणि साक्षीदार नाही, म्हणून त्याला देता येते. भट्टी, मूस, सगळ्या फुंकण्या, काच घोळवायचे ओले लाकडी ठोकळे, कात्र्या, अंगणातला बाटल्यांचा ढीग आणि या सगळ्याखालची जमीन पोन्सियानो रुवाल्काबा याला. तेवढी जमीन आंपारोच्या घरातून वजा करावी. तिला रडायला आणखी एक कारण होईल. रुतिलियो आत्ताच म्हणाला, “बाबा, तो तुमच्याशी धड बोलतसुद्धा नाही.” बरोबर आहे. जो बोलतो तो काय बोलतो, ते वर लिहिले आहे.

पोन्सियानोबद्दलचे माझे मत बदललेले नाही. त्याचे पेले जड असतात, काठ एका बाजूला झुकतो, आणि हिरव्या काचेत तपकिरी किती टाकावी हे त्याला मरेपर्यंत कळणार नाही. मी कोणतीही अट घालत नाही. तो पाळणार नाही.

हे कलम लिहिले जात असताना तो इथे नाही. मुशीत बाटल्या टाकायची वेळ झाली, तसा कोणाला न विचारता उठून गेला. त्याला हे वकिलांनी कळवावे. मी कळवणार नाही.

हे सर्व मी ऐकले, ते माझेच आहे, आणि त्याखाली माझ्या हाताने सही करतो.

एव्हारिस्तो लोमेली पादिया

साक्षीदार, दोघेही आयत्या वेळी गल्लीतून बोलावलेले, दोघांनाही काही मिळत नाही:
१. क्रिसांता मोरा, मक्याच्या तोर्तिया विकणारी
२. फिदेन्सियो आल्दाना, न्हावी

तोनाला, १४ मार्च २०११