पालीच्या माळावरील राखणीचे सीताफळ झाडास परत मिळणेबाबत

प्रति,
मा. फळतंटा निवारण अधिकारी साहेब,
बीड.

अर्जदार : दगडाबाई त्रिंबक, रा. पाली, धंदा सीताफळ विक्री.
विषय : जप्त फळ तातडीने परत देणेबाबत, मुलगी झाडाच्या ताब्यात आहे.
संदर्भ : याच कामी दिलेले मागील दोन अर्ज, ज्यांस उत्तर नाही.

महोदय,

अर्जदार बाईस लिहिता येत नाही, सबब अर्जनवीस धोंडीराम तिच्या सांगण्यावरून लिहितो की, सीताफळे तोडताना प्रत्येक झाडावर एक फळ राखून ठेवण्याची आमच्याकडे वहिवाट आहे. त्यास राखणीचे फळ म्हणतात. ते आहे तोवर झाड गरीब गाय. ते तोडले की झाड माणूस ओळखत नाही. व्यापारी बंकट यास बाग उक्ती देताना दगडाबाईने हे दहादा बजावले होते. पण हावरटाला कोण सांगणार! त्याने हसत हसत तेही फळ तोडले. झाडाने त्याची मान जागीच पिरगाळली. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

तक्रार अशी की, खाली पाट्या भरणारी अर्जदाराची मुलगी करिष्मा हीसही झाडाने फांद्यांत आवळून वर नेले. फळ देठाशी परत बांधले की झाड माणूस सोडते, हा आजवरचा अनुभव. परंतु आपले पथक आले आणि बंकटच्या मुठीतले फळ मुद्देमाल म्हणून घेऊन गेले. पंचनाम्यात मुलीची नोंद ‘झाडावरील इतर वस्तू’ अशी आहे.

त्यानंतर मुलीचा चुलता धर्मराज कुऱ्हाड घेऊन धावला. झाडाने त्याचा हात खांद्यापासून उपटला. हात अजून वरच आहे. लेकीच्या बरगड्या मोडल्याचा आवाज दगडाबाईने खालून ऐकला. पोर रडतही नाही, “आये, फळ आन” एवढेच म्हणते. आईच्या काळजाचे काय झाले असेल, ते सरकारी भाषेत लिहिणे अर्जनविसास जमत नाही.

चौकशी संपेपर्यंत फळ मिळणार नाही, असे आपण तोंडी कळवले. सीताफळ चौकशीसाठी थांबत नाही, पिकते. आज सकाळी दगडाबाई कार्यालयात गेली, तेव्हा शिपाई अभिमन्यू म्हणाला, “मावशे, कावून हेलपाटे घालायलीस? फळ सायबानं खाल्लं. लई गोड हाय म्हणले.” त्याने बिया तेवढ्या पुडीत बांधून दिल्या. त्या झाडापुढे धरताच झाडाने करिष्माचा उजवा हात मोडला.

वस्तीतल्या वडीलधाऱ्या रुक्मिणीबाई म्हणतात, “झाडाला त्याचं फळच पायजे, मंग ते कुटंबी असू दे.” तरी साहेबांनी फळ जसे व जेथे असेल तसे, म्हणजे स्वतः, सूर्य मावळण्यापूर्वी माळावर हजर करावे. आपल्याला त्रास नको म्हणून गावाने जीप केली आहे. ती आपल्या दारात उभी आहे. नकार द्यायचा असल्यास लेखी द्यावा. जीपमधल्या कोणासही वाचता येत नाही.

दगडाबाईचा साहेबांवर राग नाही. साहेबांनाही आई असेल, असे ती म्हणते. पण तिला आज लेक खाली पाहिजे.

साहेबांची वाट पाहणारी,
दगडाबाई त्रिंबक
(निशाणी डावा अंगठा)
दि. ११ ऑक्टोबर २०२४